पाऊस विकणारा माणूस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनी आपल्यापैकी एकीने चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. आजवर कुणी संतांच्या चरित्रावर बोलले, कुणी पापड-कुरडयांच्या उद्योगावर, कुणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा पाळी माझी आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेचे काही ऐकायला मिळेल अशी आशा कुणी ठेवू नये. मी एका चित्रपटावर बोलणार आहे. चित्रपट म्हटल्याबरोबर मागच्या सतरंजीवर हसू फुटले, ते मला इथून दिसले. पण बायांनो, हा चित्रपट पाण्याच्या टंचाईचा आहे आणि मुलगी दाखवण्याचा आहे. या दोन गोष्टींतले लातूरच्या बाईला जेवढे कळते, तेवढे दुसऱ्या कुणाला कळणार? म्हणून मी धीर केला.

चित्रपटाचे नाव ‘थोडासा रूमानी हो जाएँ’. साल १९९०. भाषा हिंदी, पण करणारी बरीच मंडळी आपली मराठी. दिग्दर्शक अमोल पालेकर, मुख्य भूमिका नाना पाटेकर यांची, सोबत विक्रम गोखले, आणि संगीत भास्कर चंदावरकर यांचे. नायिकेचे काम अनिता कंवर यांनी केले आहे. दूरदर्शनवर ‘बुनियाद’ मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना त्या लाजोजी म्हणून आठवतील. मूळ गोष्ट मात्र अमेरिकेतली. एन. रिचर्ड नॅश नावाच्या लेखकाचे ‘द रेनमेकर’ हे नाटक १९५४ साली तिकडच्या रंगभूमीवर आले आणि १९५६ साली तिकडेच त्याचा बोलपट झाला. तिकडचा दुष्काळ आणि तिकडची लग्नाची मुलगी पालेकरांनी आपल्याकडे आणली. ती इथे परकी वाटत नाही. कोरडी विहीर आणि न जमलेले लग्न यांची काळजी सगळ्या मुलखांत सारखीच असावी.

गोष्ट थोडक्यात सांगते. एक लहानसे गाव आहे. पावसाने डोळे वटारले आहेत. एका घरात वडील, दोन भाऊ आणि बिन्नी नावाची बहीण. बिन्नी शिकलेली, कामाची, तोंडाने फटकळ, पण रूपाने बेताची. लग्नाचे वय निघून चालले आहे आणि कुठेच जमत नाही. घरातली माणसे तिच्यावर जीव टाकतात, पण तिच्याकडे बघताना प्रत्येकाच्या डोळ्यांत काळजी. थोरला भाऊ मोठा व्यवहारी, त्याला वाटते की जे आहे ते बहिणीने पत्करावे आणि आशा सोडावी. गावात एक अबोल, एकलकोंडा मनुष्य आहे. त्याच्याशी तिचे जुळावे अशी घरच्यांची धडपड चालते, पण तो आपला आपल्यात मिटलेला.

अशात एके दिवशी एक उपटसुंभ येऊन दारात उभा राहतो. नाव एवढे लांबलचक सांगतो की ऐकणाऱ्याला धाप लागावी, आणि शेवटी आडनाव सांगतो बारिशकर! म्हणतो, पैसे द्या, मी पाऊस पाडून देतो. हेच नाना पाटेकर. थोरला भाऊ म्हणतो, हा ठक आहे. धाकटा भुलतो. बिन्नीलाही तो ठकच वाटतो. पण वडील जाणूनबुजून पैसे मोजतात. पावसावर त्यांचा फारसा भरवसा असावा असे मला वाटले नाही. घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी ‘होईल’ असे म्हणणारे आले, त्याचे ते पैसे असावेत.

या चित्रपटाची एक गंमत आहे. पात्रे साधे बोलता बोलता मधूनच कवितेत बोलू लागतात. खरे कुठे संपले आणि स्वप्न कुठे सुरू झाले, ते पाहणाऱ्याला कळत नाही. माझ्या सोबत बसलेल्या जाऊबाई म्हणाल्या, “असं कुणी बोलतं का?” मी म्हटले, आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून काय करत होत्या? हाताखाली ज्वारी खरी, दमणूक खरी, आणि तोंडाने ओवीतून माहेरी जाऊन यायचे, विठ्ठलाशी बोलायचे, मेलेल्या भावाला हाक मारायची. पीठही पडत होते आणि मनही हलके होत होते. खऱ्यात स्वप्न मिसळण्याची कला बायकांना चित्रपट निघण्याच्या आधीपासून अवगत आहे.

आता पाण्याचे बोलू. पाऊस विकणारा माणूस परदेशात किंवा पडद्यावरच असतो असे कुणी समजू नये. आपल्याकडे पाऊस लांबला की धोंडी काढतात. पोराला लिंबाचा पाला गुंडाळून दारोदार फिरवतात, आणि आपण त्याच्या अंगावर तांब्याभर पाणी ओततो. महादेवाची पिंड पाण्यात कोंडतात. कुठे बेडकाचे लग्न लावतात. ही गरिबाची आशा आहे, तिला मी हसणार नाही. सरकारनेही २०१५ साली, आणि पुन्हा २०१९ साली, तेव्हाच्या औरंगाबादहून विमाने उडवून मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. ढगात चांदीच्या क्षारासारखे कण फवारायचे, म्हणजे त्यांभोवती बाष्प जमून थेंब होतात, असे ते शास्त्र आहे. पण त्यातही एक अट आहेच. ढग मुळात असावा लागतो आणि त्यात ओल असावी लागते. कोरड्या आभाळातून विमानही पाणी काढू शकत नाही.

पुढचे २०१६ साल तुम्हाला सांगायला नको. मांजरा धरण आटले. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात जमावबंदी लागली. १४४ कलम दंग्याला लागते असे आपण ऐकून होतो, ते घागरींना लागलेले आपण पाहिले. मग १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे पहिल्या फेरीला ५ लाख लिटर पाणी, जवळजवळ ३४० किलोमीटर दुरून. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली आणि ऑगस्टपर्यंत तिच्या फेऱ्या चालल्या. ज्यांनी ती पाठवली आणि ज्यांनी ती भरली, त्यांचे उपकार लातूर विसरणार नाही. त्या दिवसांत आम्ही भाजी धुतलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे पाणी संडासाला असे एकच पाणी तीनदा वापरत होतो. माझी थोरली तेव्हा लहान होती. ती झोपेत बडबडायची, “आई, नंबर आला, नंबर आला.” लेकरांची स्वप्ने परीची असावीत, आमच्या लेकरांना टँकरची स्वप्ने पडली.

तेव्हा कुणी बारिशकर दारात आला असता तर आपण काय केले असते? खरे सांगा. मंगळसूत्रातला एक मणी तरी काढून दिला असता.

याच पालेकरांनी पाच वर्षांनी, १९९५ साली, व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरून ‘बनगरवाडी’ हा मराठी चित्रपट काढला. तिथेही दुष्काळ आहे, पण तिथे कुणी बारिशकर येत नाही. मेंढ्या मरतात, माणसे गाव सोडून जातात, आणि वाडी ओस पडते. एकाच माणसाने दुष्काळाची ही दोन चित्रे काढली. एकात आभाळ ऐकते, एकात ऐकत नाही. दोन्ही खरी आहेत, कारण दोन्ही आपण भोगली आहेत. २०१६ सालीच पुढे असा पाऊस झाला की आटलेला मांजरा भरला.

आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. पडद्यावर पाऊस विकणारे नाना पाटेकर २०१५ साली मकरंद अनासपुरे यांच्यासोबत खरोखरच मराठवाड्यात आले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवांना त्यांनी मदतीचे धनादेश दिले, नाम फाउंडेशन काढले, आणि त्यातून नाले खोल करण्याची, पाणी अडवण्याची कामे झाली. पाऊस पाडतो असे या वेळी ते म्हणाले नाहीत. पडलेला अडवू या, एवढेच म्हणाले.

आता दुसरा विषय, मुलगी दाखवण्याचा. इथे बोलताना थोडा संकोच होतो, पण आपण सगळ्या घरच्याच आहोत.

बिन्नीला पाहुण्यांपुढे मांडले जाते, तेव्हा तिला जे वाटते ते पाहताना माझे हात गार पडले. मला सात ठिकाणी दाखवले होते. माझा रंग सावळा. एका ठिकाणच्या पाहुण्यांनी मला चहाचा ट्रे खाली ठेवून अंगणात उन्हात उभे राहायला सांगितले, का, तर घरात उजेड कमी, रंग नीट कळत नाही. मी उभी राहिले. तेव्हा तशीच रीत होती. पुढे चांगले घर मिळाले, संसार सुखाचा झाला, तक्रार काही नाही. पण आरशासमोर भांग पाडताना ते ऊन मला कितीतरी वर्षे दिसत असे.

आता माझ्या थोरलीला स्थळे येऊ लागली आहेत. ती शिकलेली आहे, चार पैसे कमावते. रंग तिने माझा घेतला आहे. आणि बायांनो, राग मानू नका, पण तिला “डाळीचं पीठ लाव, हळद-साय लाव” हे पाहुण्यांनी अजून सांगितलेले नाही. ते आपल्यातल्याच मावश्या-काकूंनी सांगितले, आणि मायेनेच सांगितले. माया खरी, पण लेकीच्या मनात काय रुजते याचा विचार आपण करत नाही. थोरला भाऊसुद्धा बिन्नीला मायेनेच सांगत असतो की आशा सोड.

चित्रपटात एका रात्री बारिशकर आणि बिन्नी बोलत बसतात. तो तिला जे सांगतो त्याचा मथितार्थ असा की, तू सुंदर आहेस असे आधी तुझे तुलाच वाटले पाहिजे. जगाच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघशील तर जग दाखवील तेवढेच दिसेल. ती आधी चिडते, मग रडते, मग तिच्या चेहऱ्यावर काही वेगळेच येते. अनिता कंवर यांचे ते काम पाहण्यासारखे आहे. रंगभूषा नवी नाही, दागिना नवा नाही, आणि तरी बाई बदललेली दिसते.

हा प्रसंग झाल्यावर माझी मुलगी मला म्हणाली, “आई, त्यानं तिला नवीन काही दिलंच नाही की गं. होतं तेच दाखवलं.”

लेकीचे हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. बारिशकर ठक खराच. पाऊस त्याच्या हातात नव्हता. पण बिन्नीच्या बाबतीत त्याने जे विकले ते तिच्याच घरात होते, फक्त झाकून ठेवलेले. म्हणून ते खोटे ठरले नाही.

शेवटी तर मोठी मौज होते. तो परका तिला म्हणतो, माझ्याबरोबर चल. आणि तो गावातला अबोल मनुष्य, ज्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता, तो म्हणतो, जाऊ नकोस. जिला कुणी पसंत करत नव्हते, तिच्यावरच पसंत करण्याची वेळ येते! ती आपल्या गावातच राहते. परका निघून जातो, आणि मग आभाळ गडगडून पाऊस येतो. आमच्या शेजारच्या आजी हे ऐकून म्हणाल्या, “मेल्याचं नशीब! पाऊस यायचाच होता, तो आला.” आजी खरेच बोलल्या. पाऊस त्याने पाडला नाही. पण पाऊस आला तेव्हा बिन्नी अंगणात यायला तयार होती. एरवी ती खिडकी लावून आत बसली असती.

स्वप्न दाखवणारी माणसे आपल्या दाराशी नेहमी येत राहणार. कधी भगव्या कपड्यांत, कधी निवडणुकीच्या गाडीतून, कधी दामदुप्पट पैशाची योजना घेऊन, कधी आठ दिवसांत गोरे करणारी मलमाची डबी घेऊन. सगळ्यांना हाकलून द्यावे म्हटले तर जगणे बनगरवाडीसारखे ओस होईल. सगळ्यांवर विश्वास ठेवावा तर घर बुडेल. मग ओळखावे कसे? मला सातवी पास बाईला एक साधी खूण सापडली आहे. जो म्हणतो, पैसे दे आणि गप बसून राहा, बाकी माझ्यावर सोड, त्याचे स्वप्न आपल्याला बसवून ठेवते. ते घेऊ नये. आणि जे ऐकल्यावर आपण पदर खोचून उठतो, आपल्याच घरातली झाकलेली वस्तू शोधू लागतो, ते स्वप्न खुशाल घ्यावे, सांगणारा थोडासा वेडा असला तरी चालेल.

या खुणेने मी आपल्या पाण्याकडेही पाहिले. हिशेब मुलीने मांडून दिला, पण तो पाटीवर करता येईल इतका सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. लातुरात वर्षाला सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एखाद्या मध्यम घराचे छत ५० चौरस मीटर धरले, म्हणजे साधारण साडेपाचशे चौरस फूट, तर वर्षाला ४० हजार लिटर पाणी त्यावर पडते. उडालेले, सांडलेले वजा करून ३० हजार तरी हाती लागावे. रेल्वेच्या एका वाघिणीत ५० हजार लिटर येत होते. म्हणजे ३४० किलोमीटरवरून जी वाघीण येताना पाहून आपण हात जोडले, तिच्यात निम्म्याहून जास्त भरेल एवढे पाणी दर पावसाळ्यात आपल्या डोक्यावर येते आणि गटारीतून निघून जाते. कमी पावसाच्या साली ते कमी येईल, पण काहीच येणार नाही असे साल विरळा.

याला बारिशकर लागत नाही. छताच्या पन्हाळीला एक नळी, पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडायला एक तोटी, आणि खाली टाकी, किंवा बोअरजवळ दगड, खडी, वाळू भरलेला खड्डा, एवढे पुरते. आपल्या गल्लीतल्या ज्या दोन-तीन घरांनी हे केले आहे, त्यांच्याकडे जाऊन बघावे. खर्च आपल्या भिशीतून पाळीपाळीने निघू शकेल असे मला वाटते. मंडळाने येत्या वर्षात निदान पाच घरांवर हे करावे, अशी मी अध्यक्षाबाईंना सर्वांसमक्ष विनंती करते.

आणि दुसरी विनंती तुम्हा सर्वांना. त्याला पैसाही लागत नाही. आपल्यापैकी कुणाच्याही घरी मुलगी दाखवायचा कार्यक्रम असला, तर तिच्या रंगावर, उंचीवर, दातांवर एक अक्षर बोलायचे नाही, ना पुढे, ना मागे. उलट पाहुणे आले की तिलाही विचारू द्या. मुलाचे काम काय, घरात कोण, आणि तिला स्वतःला तो पसंत आहे का. माझ्या घरी पुढच्या महिन्यात पाहुणे यायचे आहेत. तुम्ही सगळ्या पोह्यांच्या मदतीला याल हे मला ठाऊक आहे. तेव्हा ही शपथ माझ्या लेकीपासूनच सुरू करावी. त्या दिवशी ती उन्हात उभी राहणार नाही. बसायला खुर्ची तिलाही असेल.

चित्रपट जुना आहे, पण मिळाला तर जरूर पाहा. सासवा-सुनांनी मिळून पाहा. आवडला नाही तर मला येऊन भांडा, चहा मी करीन.

  यंदा पाऊस वेळेवर येवो, आणि आला की आपल्या पन्हाळी तयार असोत, एवढी प्रार्थना करून रजा घेते.

जय हिंद, जय महाराष्ट्र.